काळ्या पित्तावरच्या गोळ्या

“माझो झील पिसो नाय!” मुलाला वेडा म्हटलेलं ऐकून काशिनाथची आई माझ्या दवाखान्यात कडाडली. बाहेर बाकावरचे पेशंट खोकायचे थांबले.

ही साठ-एकसष्ट सालातली गोष्ट. काशिनाथ मालवणच्या बाजारातला शिंपी. महिनाभर दुकान बंद, कात्रीला हात नाही, ताट समोरून तसंच परत. आईच्या मते लागीर झालं होतं. दुसऱ्या दिवशी ती त्याला घाड्याकडे नेणार होती. घाडी म्हणजे भूत उतरवणारा. हा मिरच्यांची धुरी द्यायचा. हाडं उरलेला उपाशी माणूस त्या धुरीत जगेल असं मला वाटेना.

थोरला भाऊ मामलेदार कचेरीत क्लार्क. त्यानं विचारलं होतं, “डॉक्टर, इंग्रजीत काय म्हणतात याला?”

“मेलँकोलिया.”

“म्हणजे वेडच की!”

झालं! त्यावरच आई भडकली होती. असा संताप आला मला त्या शहाण्याचा!

“काकी, बसा आधी,” मी म्हटलं. “शब्द मूळचो ग्रीक. मेलास म्हणजे काळा, खोले म्हणजे पित्त. अंगात काळा पित्त वाढला की माणूस उदास होता, असा त्यांचे वैद्य म्हणत.” साध्या उदासपणाला इंग्रज मेलँकली म्हणतो, तोही यातलाच.

ती बसली. “पित्त? मगे ह्या आधी सांगूक तुमका काय झाला व्हता?”

आताचे डॉक्टर हे पित्त मानत नाहीत, नाव तेवढं उरलंय, हेही मी सांगून टाकलं.

“तुमी मानू नका. आमी मानतंव. गोळये द्या!”

गोळ्या नव्यानंच निघालेल्या, मुंबईहून मागवलेल्या. गुण यायला आठवडे लागतात; तोवर घरच्यांचा धीर सुटतो. पण पित्त एका रात्रीत उतरत नाही, हे तिला मी काय शिकवणार? पथ्य तिनंच लावलं: वांगं बंद, तिखट बंद, जागरण बंद. गोळी स्वतः भरवायची, गिळली की नाही ते आ करायला लावून बघायची. शेजारणीनं पुन्हा घाड्याचं नाव काढलं, तर म्हणाली, “पित्ताक घाडी कित्याक?”

एके सकाळी बाजारातून जाताना मशीनचा आवाज आला. मी धावतच आत शिरलो. काशिनाथनं माझ्या कमरेला टेप लावली.

“दाक्तरानू, प्वॉट वाढला. जरा कमी जेवा.”

पोटाला नावं ठेवलेली ऐकून इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

तेव्हापासून रोगाचं नाव मी आधी घरातल्या म्हातारीला समजावतो. इंग्रजी जाणणाऱ्याला मागाहून.