फाट्यावरची मोजणी

आमच्या फाट्यावरचा डिव्हायडरचा कट माझ्यामुळे बंद झाला. सरकारमुळे नाही, ठेकेदारामुळे नाही. माझ्यामुळे.

ओतूरकडे जाणाऱ्या हायवेच्या अलीकडे आमचं गाव आणि पलीकडे सगळ्यांची शेतं. मधल्या कटातून गाव रोज शेतात जायचं आणि परत यायचं. माझी वहिनी डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन चालत जायची. एकदा टेम्पोचा आरसा पाटीला लागला, भाकरी रस्ताभर झाल्या आणि वहिनी थोडक्यात वाचली. तेव्हा गावानं सिग्नलसाठी अर्ज केला. तो लिहिला मी, कारण गावात माझं अक्षर बरं आहे आणि मला काम कमी आहे.

हायवे खात्याचे साहेब आले. खांबावर कॅमेरा बसवून म्हणाले, "ही स्मार्ट सिस्टीम आहे. आठवडाभर सगळं स्वतः मोजेल. सिग्नल द्यायचा की नाही, ते कम्प्युटर ठरवील. तुम्ही फक्त नेहमीसारखं वागा."

नेहमीसारखं वागणं मला जन्मात जमलेलं नाही.

पहिल्या दिवशी चहाच्या टपरीवर बसून मीही मोजलं. दुपारी तर कटातून गाड्यांपेक्षा कोंबड्या जास्त गेल्या. एवढ्यावर कम्प्युटर सिग्नल कशाला देईल? मी टपरीवरच सभा भरवली. "उद्यापास्नं कुणी पायी जायाचं न्हाई. ज्याच्या दारात गाडी हाय त्यानं ती कटात आणायची. पलीकडं जायाचं, वळायचं, परत यायाचं. आकडा फुगला पाहिजे राव!"

गाव माझं कधी ऐकत नाही. नेमकं तेव्हाच ऐकलं. ट्रॅक्टर आले, कांद्याचे पिकअप आले, दुधाच्या मोटारसायकली आल्या. रोजानं जाणाऱ्या बायका ट्रॉलीत बसवल्या. वहिनीला मी माझ्या स्कूटरवर मागं घेतलं.

"भावजी, मला चालू द्या की. अर्ज चालणाऱ्यांचाच हाय ना?"

"वहिनी, तुमाला सिस्टीम कळत न्हाई."

आठवडाभर आम्ही त्या कटात गिरक्या घेतल्या. हायवे दोन्हीकडून तुंबला. अडकलेल्या एका ट्रकवाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "पावणं, वरात हाय का?"

"मोजणी हाय!" मी छाती काढून ओरडलो.

महिन्याभरानं साहेब लॅपटॉप घेऊन आले. नकाशावर आमचा फाटा पिकल्या टोमॅटोसारखा लालबुंद.

"वळणाऱ्या गाड्यांमुळे इथं हायवे तुंबतो," साहेब म्हणाले. "कट बंद करायचा ठरलंय. यू-टर्न पुढच्या फाट्यावरून घ्या."

"आन् सिग्नल?"

साहेबांनी अर्ज माझ्यापुढे धरला. अक्षर माझंच. "तुम्ही तो पायी ओलांडणाऱ्यांसाठी मागितला होता. पहिला दिवस सोडला, तर पायी ओलांडणारं कुणी दिसलेलंच नाही."

खरं सांगून टाकायला मी तोंड उघडलं. मग मागं अख्खं गाव उभं दिसलं. मिटलं.

आठ दिवसांत कटात कमरेएवढी काँक्रीटची भिंत आली. तरणी पोरं टांग टाकून जातात. वहिनीचे गुडघे पाटीसकट ती भिंत चढायला तयार नाहीत. म्हणून रोज दुपारी मी तिला स्कूटरवर पुढच्या फाट्यापर्यंत नेतो, वळतो आणि तेवढंच मागं येऊन समोरच्या बांधावर सोडतो. तिथून आमचं दार दिसतं. दारातली कोंबडीसुद्धा दिसते.

परवा यू-टर्नला थांबलो असताना मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, नवा अर्ज लिवतो. पुन्हा मोजणी लावायला सांगतो."

वहिनीनं मांडीवरची पाटी सावरली. "लिवा. पर मोजणी सरंपत्तूर तुमी सासुरवाडीला जाऊन ऱ्हावा."