ज्ञानूच्या जांभळीवरचं मोहोळ

ज्ञानू हळू बोलला असा दिवस कळंब्यापलीकडच्या आमच्या गावाला माहीत नव्हता. त्यानं बायकोला हाक मारली की शेजारची म्हैस पान्हा चोरायची. बनाबाईनं त्याच्याबरोबर सगळा संसार अर्ध्या वाक्यांत केला. उरलेलं वाक्य तोच पुरं करायचा, तेही चुकीचं.

तो गेला तेव्हा गावानं रक्षा नदीत सोडणं नुकतंच बंद केलं होतं. ओढ्याकाठच्या पडीक रानात खड्डा काढायचा, रक्षा टाकायची, वर झाड लावायचं. मधोमध बसायला दगडांचं रिंगण. छप्पर कुणी घातलं नाही, झाडांनीच घातलं. ज्ञानूच्या रक्षेवर जांभूळ वाढली आणि बनाबाई रोज कलत्या उन्हाला तिच्याखाली जाऊन बसू लागली.

दहाव्या पुण्यस्मरणाला मुलानं, ऋतुराजनं, तिथंच रिंगणात थाट मांडला. मंडप, स्पीकर, भाषणाला पुढारी अमरसिंहदादा. आणि आदल्या दिवशी बघतात तर फुलोऱ्यावर आलेल्या जांभळीला सुपाएवढं आग्यामोहोळ! ते उठलं तर धावणारा माणूस घरी पोचेलच, असं कुणी सांगू शकत नाही.

ऋतुराज टेंभा घेऊन आला. "आई, सर बाजूला. धूर देतो."

"न्हाय."

"अगं, माणसं मरतील की!"

"मग येऊ नगा म्हणावं."

"चार डहाळ्या करपतील, दुसरं काय?"

बनाबाई बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. "तुझ्या बाला एकदा पेटवलंयस तू. मी बघितलंय. परत न्हाय बघायची."

ऋतुराजनं टेंभा ओढ्यात बुडवला.

दुसऱ्या दिवशी उदबत्ती नाही, बँड नाही, अत्तर लावून आलेल्या पाहुण्यांना हात धुवायला पिटाळलेलं. सगळे कुजबुजत होते. आता आमच्याकडची कुजबुज दुसऱ्या गल्लीत ऐकू जाते, ही गोष्ट वेगळी. अमरसिंहदादांना मात्र राहवलं नाही. सवयीनं त्यांनी माईकवर टिचकी मारली. स्पीकर कुईं करून किंचाळला.

मोहोळावरनं एक काळी लाट सरसरत गेली. खालपासून वरपर्यंत. परत एकदा.

"हलू नगा," कुणीतरी ओठांतल्या ओठांत म्हणालं. दादांचा हात माईकवर तसाच. एका पाहुण्याची शिंक नाकातच थिजली. ऋतुराजनं वायर उपटली आणि बघतो तर आई नैवेद्याचं ताट घेऊन जांभळीकडं निघालेली. हाक मारायची सोय नव्हती.

पाऊल न वाजवता ती मोहोळाखाली गेली, ताट ठेवलं, बसली. दोन माश्या पदरावर उतरल्या. तिनं झटकल्या नाहीत.

"आवं," ती म्हणाली, "तुमची म्हस इकली मी. सांगायचं ऱ्हायलंतं. लाथा घालायची. तुमी आसता तर इकू दिली नसती... आयका, माझं पुरं व्हायचंय आजून."

आणि ती बोलत राहिली. एवढ्या माणसांत कुणी खाकरलं नाही. लांबून शब्द कळत नव्हते, पण वाक्यं पुरी होतायत एवढं दिसत होतं. मग तिचे खांदे हलायला लागले. बाप गेला त्या दिवशीही आई रडलेली ऋतुराजनं बघितली नव्हती. त्या दिवशी तिला पाहुण्यांचा चहा करायचा होता.

पंगतीतली आमटी निवत चालली. ऋतुराजनं चपला काढल्या. वर लाट पुन्हा सरसरली, तो थांबला, श्वास धरला, परत निघाला. आईशेजारी टेकला आणि तोंड उघडणार तोच तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बस," ती म्हणाली. "पण गप बस."