भुयार मॅडम आणि एका दिवसाचं लायसन

दारूच्या एका दिवसाच्या लायसनची फाइल असते चार कागदांची, पण ती काढताना जमलेले किस्से भरायला पोतं पुरायचं नाही! अमरावती-अकोल्यात लग्न-पार्ट्यांचे इव्हेंट करणारे आम्ही सात जण. आजवर एकही कायद्याच्या कचाट्यात सापडला नाही, आणि त्यात आमची हुशारी शून्य. सगळं श्रेय लायसनच्या टेबलावरच्या भुयार मॅडमचं. आधी त्या अमरावतीला होत्या, मग बदलीवर अकोल्याला. स्वतः बाई मठ्ठ्यापलीकडे काही पीत नाहीत.

*

माझा पहिला अर्ज. दर्यापूरकडची पार्टी. ‘ठिकाण’ या रकान्यात मी लिहिलं, ‘मामाचं वावर, चिंचेखाली.’

मॅडमनी चष्मा वर केला. "कावून रे वानखडे, तपासणीले आलेला साहेब काय चिंचा मोजत हिंडंल?"

मग कोरा कागद देऊन नकाशा काढायला लावला. तीनदा! आजही त्या वावरात मी डोळे मिटून जाऊ शकतो.

*

पातूरचे एक फुलवाले मुलाच्या रिसेप्शनसाठी आले, सोबत बायको. अर्जात लिहिलेलं : पाहुणे चारशे, घेणारे दोन.

मॅडम म्हणाल्या, "वहिनी, बाहेर माठातलं पाणी लय थंड हाय, पिऊन या." वहिनी उठल्याबरोबर फुलवाल्यांनी दोनाचे दोनशे केले.

तेवढ्यात दारातून वहिनींचा आवाज आला, "मॅडम, यायच्या भावाले एकट्याले चार जणायचं धरा!"

*

अकोल्याच्या एका साखरपुड्याची पार्टी मी बिनधास्त दोन ऑक्टोबरला धरली. हॉल बुक, पत्रिका वाटून झालेल्या. अर्ज बघून मॅडमचा फोन आला, "बाप्पा, कॅलेंडर पाह्य! ड्राय डे हाय त्या दिवशी. सीताफळाची रबडी पाज लोकायले."

पाजली. लोकांनी वाट्या चाटल्या, आणि त्या रबडीवर मला आणखी दोन लग्नं मिळाली. पेढे घेऊन गेलो तर म्हणाल्या, "टेबलावर नको ठेवू, लोकायले लाच वाटंल. बाहेर जाऊन वाट."

*

मॅडम रिटायर झाल्या तेव्हा आम्ही सातही जणांनी मिळून मूर्तिजापूरला जंगी निरोप ठेवला. अमरावतीवाले काय, अकोलावाले काय, दोघांनाही सोयीचं. शाल-श्रीफळ झालं. बार उघडणार तोच मॅडमनी विचारलं, "लायसन कुठं लावलं?"

मी अकोल्याच्या तायडेकडे पाहिलं. तायडेनं माझ्याकडे. प्रत्येकाला वाटलेलं, दुसऱ्यानं काढलं! बाटल्या मांडलेल्या, पाहुणे बसलेले. आणि ज्यांनी आमचे धंदे इतकी वर्षं सांभाळले, त्यांच्याच निरोपाला आम्ही सगळे गुन्हेगार. लाजेनं मान वर होईना.

मॅडमनी पर्समधून घडी केलेले कागद काढले. "ओयखतो मी तुमाले. म्हणून माह्याच नावानं काढून ठेवलं. साहेबायची सही हाय. लावा भिंतीले."

चिकटवताना सोबतच्या अर्जावर माझी नजर गेली. ‘कार्यक्रमाचे कारण’ या रकान्यात मॅडमच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं, ‘घरचं कार्य.’