अकरा मिनिटं

चंद्रकांतरावांनी एका सरकारी कारखान्यात तेहेतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा, आणि मापात बसला नाही तर कागदावर लाल शाईनं ‘नाकारला’ असा शेरा मारायचा. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी बायकोच्या, विद्याताईंच्या, स्वयंपाकघरातले डबे तारखेवार लावायला घेतले. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, “अहो, बंगळूर एवढं मोठं आहे. जरा बाहेर कुणाच्या तरी उपयोगी पडा!”

गृहस्थांनी ते मनावर घेतलं. साठी उलटल्यावर विशीतल्या मुलींच्या शेजारी बसून शुश्रूषेचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम केला, वर पहिलेही आले, आणि व्हाइटफील्डला कल्पनाताईंच्या घरी साहाय्यक म्हणून लागले. कल्पनाताईंचा मुलगा रणजीत चौतीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी अपघातात त्याच्या डोक्याला मार बसला, डावं अंग लुळं पडलं, बोलणं एकदोन शब्दांवर आलं. त्याची सकाळची पाळी यल्लाप्पाकडे होती, बारानंतरची चंद्रकांतरावांकडे.

यल्लाप्पा निपाणीकडचा. पूर्वी आनेकलला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायचा आणि तोही पन्नाशीनंतरच या कामात आलेला. ना अभ्यासक्रम, ना सर्टिफिकेट. आणि रणजीत त्याला ‘अण्णा’ म्हणायचा.

चंद्रकांतरावांना मात्र ‘सर’.

आता एवढ्याशा शब्दानं एखाद्याचा किती जळफळाट व्हावा? पण झाला. चंद्रकांतरावांनी व्यायामाचा तक्ता भिंतीवर लावला होता, गोळ्यांच्या डब्यांना वेळेप्रमाणे रंग दिले होते, रणजीतनं पाय किती उचलला हे पट्टीनं मोजून ठेवलं होतं. रणजीत सगळं निमूटपणे करायचा. हसायचा मात्र यल्लाप्पाबरोबर. लिफ्टचं दार उघडलं की ते हसणं ऐकू यायचं, आणि हे घरात शिरले की थांबायचं. मेट्रोत उभ्या उभ्या त्यांना वाटायचं, त्या स्वयंपाक्यात असं आहे तरी काय? घरी विद्याताईंपुढे तेच तोंडून निघायचं. त्या म्हणायच्या, “अहो, तुम्ही नवी सवत आल्यासारखे काय धुमसताय!”

अशात कल्पनाताईंनी सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून एकच माणूस पुरेल. दोघांतला कोण, ते अजून ठरवलेलं नाही.

चंद्रकांतरावांना पेन्शन होतं, पगारावाचून अडलं नव्हतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांचं काम नाकारलेल्या माणसाला स्वतः नाकारलं जाण्याची सवय नव्हती. आणि तेही यल्लाप्पापायी! दुसऱ्याच दिवशी ते पाऊण तास लवकर निघाले. काहीतरी चुकीचं करताना यल्लाप्पा सापडेल, एवढीच इच्छा होती.

सापडला! कल्पनाताई बँकेत गेल्या होत्या. बाथरूमचं दार लोटलेलं, आतून पाण्याचा आवाज, आणि यल्लाप्पा बाहेर स्टुलावर बसून परातीत अवरेकाळू, म्हणजे वाल, सोलतोय. भिजवलेला दाणा चिमटीत दाबला की टुणकन सालीतून बाहेर. रुग्णाला बाथरूममध्ये एकटं सोडायचं नाही, हा तर अभ्यासक्रमातला पहिला नियम.

चंद्रकांतरावांनी तोंड उघडलं, तेवढ्यात यल्लाप्पानं हात वर केला. “बोलू नका, सर,” तो हळूच म्हणाला. “आवाज ऐकला की मला बोलावतोय त्यो. स्वल्प थांबा की.”

चंद्रकांतराव थांबले. रणजीतची काळजी असती तर त्यांनी दार ढकललं असतं. त्यांनी घड्याळ बघितलं. अकरा वीस.

मध्येच आत तांब्या पडला. यल्लाप्पाचा हात परातीत तसाच राहिला. चंद्रकांतरावांच्या मनात आलं, पडू दे आता. पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःची लाज वाटली, पण ते हलले नाहीत. पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

अकरा एकतीसला रणजीत भिंतीची दांडी धरून बाहेर आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, कानामागे साबण तसाच. “अण्णा,” तो म्हणाला, “झालं.”

चंद्रकांतरावांनी नोंदवही ओढली. ‘अंघोळ. दार लोटलेलं. यल्लाप्पा बाहेर. आत मदतनीस नाही. रणजीत एकटा. अकरा मिनिटं.’ आणि खाली जुन्या सवयीनं लाल पेनानं: ‘गंभीर हलगर्जी. नाकारावा.’

कल्पनाताई आल्या तेव्हा त्यांनी वही स्वतः पुढे केली. त्या मोठ्यानं वाचू लागल्या. “रणजीत एकटा. अकरा मिनिटं…” तिथेच त्या खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या.

“दोन वर्षांत माझा मुलगा एकट्यानं साधं तोंड धुवू शकला नव्हता हो, चंद्रकांतराव! आणि तुम्हीही बाहेर थांबलात, आत गेला नाहीत. कसा धीर धरलात?”

“सर हुते म्हणूनच मला धीर आला की, अक्का,” यल्लाप्पा म्हणाला. “मी एकटा असतो तर तांब्या पडल्याबरोबर आत पळालो असतो.”

रडत असल्यामुळे लाल ओळ कल्पनाताईंनी वाचली नसावी, एवढाच काय तो चंद्रकांतरावांना दिलासा. यल्लाप्पावरचा राग मात्र दुप्पट झाला. मेल्यानं चांगलंही आपल्या आधी वागावं!

महिनाअखेरीस कल्पनाताईंनी रणजीतलाच विचारलं. तो क्षणभरही न थांबता म्हणाला, “अण्णा.” एरवी एका शब्दासाठी मिनिटभर लावणारा माणूस! तेच जास्त झोंबलं.

शेवटच्या दिवशी चंद्रकांतराव पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद लावला होता. अक्षर त्यांचंच. ‘…रणजीत एकटा. अकरा मिनिटं.’ त्याखाली कागद संपला होता. लाल ओळीच्या बरोबर वर कात्री चालवलेली, कडेला लाल शाईचा एक ठिपका तेवढा राहिलेला.

म्हणजे कल्पनाताईंनी वाचलं होतं. त्याच दिवशी, सगळं.

“चंद्रकांतराव,” मागून कल्पनाताईंचा आवाज आला, “कॉफी टाकलीय. घेतल्याशिवाय जायचं नाही हं.”

बाहेरच्या खोलीत यल्लाप्पा काहीतरी म्हणाला आणि रणजीत खदखदून हसला. चंद्रकांतरावांना ते आजही सहन झालं नाही. त्यांनी कॉफीचा पेला दोन्ही हातांनी घेतला आणि कल्पनाताईंकडे न बघता उभ्यानंच ती संपवली.