चार साता

माझे बाबा गणपतीनंतर गेले, आणि तरी रोज दिवेलागणीला ते आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या घरात बोलतात. टीव्हीशेजारच्या खुर्चीवर माझा जुना फोन ठेवलेला असतो. समोर सतरंजीवर माझी सहा वर्षांची मुलगी मांडी घालून बसते, आणि बाबा म्हणतात, "चला, परवचा." मी तेव्हा बाल्कनीत जाते आणि दार ओढून घेते. बाहेर नोव्हेंबरचा धूर असतो, घसा खवखवतो, नवरा काचेतून आत ये म्हणून खुणा करतो. मी येत नाही. आतल्यापेक्षा मला तो धूर परवडतो.

लहानपणी साताऱ्याला देवापाशी दिवा लागला की मी आणि माझा भाऊ भिंतीला टेकून बसायचो आणि मोठ्याने पाढे म्हणायचो. तोच परवचा. बाबा पोस्टात होते, दिवसभर शिक्के मारून दमलेले असायचे, पण परवचा चुकू द्यायचे नाहीत. नियम दोनच होते. मागचा पाढा न चुकता आल्याशिवाय पुढचा नाही. आणि दोघांपैकी एक जरी चुकला, तरी दोघांनी पहिल्यापासून. भाऊ हटकून चुकायचा. तो माझ्यावर सूड उगवतोय अशी माझी खात्री होती आणि मी त्याला दंडाला चिमटे काढायचे.

एप्रिलमध्ये मुलगी पहिलीत गेली. मुलं पहिलीत जातात, पण अभ्यास आईबापांना लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कागदी फुलपाखरं, चार्ट, रोज संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर पडणाऱ्या सूचना. मी मेट्रोने घामाघूम होऊन सरकारी कचेरीतून यायची आणि बूट काढायच्या आधी ओरडायला सुरुवात करायची. मुलगी पेन्सिल चावत बसायची. मी जितकी ओरडायची तितकी ती गप्प व्हायची, आणि ती गप्प झाली की माझा आवाज आणखी चढायचा. एकदा फोनवर बाबांना हे सगळं ऐकू गेलं.

"तू ओरडतेस," ते म्हणाले. "पोरीला माझ्याकडे दे."

"कशी देऊ? कुरिअरने?"

त्यावर ते हसले नाहीत. आई गेल्यापासून ते साताऱ्यात एकटेच राहत होते आणि त्यांच्याकडे वेळच वेळ होता. त्यांनी शेजाऱ्याकडून फोनवर आवाज भरून पाठवायला शिकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून परवचा दिल्लीला येऊ लागला. ते म्हणायचे, "बे त्रिक..." आणि थांबायचे. तेवढ्या वेळात मुलीने उत्तर द्यायचं. मग ते स्वतः म्हणायचे, "सहा. शाब्बास." शेवटी ठरलेलं वाक्य, "आता पुढचा उद्या." मग मुलगी आपल्या आवाजात सगळा पाढा भरून पाठवायची आणि आजोबा तो तपासायचे. चुकला असेल तर थोड्या वेळाने निरोप यायचा, "तीन आठात गडबड आहे, राणीसाहेब. पुन्हा." राणीसाहेब कुरकुर न करता पुन्हा म्हणायच्या. माझ्यासमोर पेन्सिल चावणारी हीच ती, हे बघून मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

असं करत ते चारच्या पाढ्यापर्यंत आले. तो त्यांनी गणपतीच्या दिवसांत पाठवला. त्यात मागे कुकरची शिट्टी आहे, आणि 'चार साता'च्या पुढे ते खोकतात. पुढच्या आठवड्यात भावाचा फोन आला. झोपेतच गेले होते.

मुलीपासून आम्ही काही लपवलं नाही. आजोबा वारले, आता ते येणार नाहीत, बोलणार नाहीत, असं मी तिला साताऱ्याहून परत आल्यावर मांडीवर घेऊन सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. त्याच संध्याकाळी मी भाजी चिरत होते आणि बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "चला, परवचा." क्षणभर मी खरंच 'आले, बाबा' म्हणणार होते.

त्या दिवसापासून हे रोजचं झालं. लोक म्हणतात आवाज राहतो म्हणून माणूस राहतो. मला आवाजाचं काही वाटत नाही. मला ते थांबणं सोसत नाही. बाबा "चार त्रिक" म्हणतात आणि थांबतात, आणि त्या शांततेत त्यांचा श्वास ऐकू येतो. ते वाट बघत असतात. गेलेलं माणूस माझ्या बैठकीच्या खोलीत उत्तराची वाट बघत बसलेलं असतं. म्हणून मी बाल्कनीत जाते.

तिथे उभी असतानाही मला एक गोष्ट मात्र ऐकू यायची. मुलगी रोज चुकायची, आणि रोज तिथेच. "चार साता," बाबा म्हणायचे. "सत्तावीस!" ती ठणकावून म्हणायची. बाबा खोकायचे. "अठ्ठावीस. शाब्बास." मग ती आपला पाढा भरून आजोबांच्या नंबरवर पाठवायची, त्यातही सत्तावीसच. साताऱ्याचा फोन भावाने बंद करून कपाटात ठेवलेला. तिच्या प्रत्येक निरोपापुढे एकच टिक असायची.

मला भीती वाटायला लागली. मूल अडकलंय, असं मी नवऱ्याला म्हणाले. एवढ्या आठवड्यांत एक आकडा सुधारत नाही म्हणजे काय? पुढे वाचायचं कसं, शिकायचं कसं?

"राहू दे ना यार, छोटी आहे," तो म्हणाला. त्याला सगळंच राहू द्यायचं असतं.

मग धुरामुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग लॅपटॉपवर आला. मलाही त्या दिवसांत आलटून पालटून घरून काम होतं. मी ओट्याशी चहा गाळत होते आणि बाई पडद्यावरून म्हणाल्या, "चलो, फोर का टेबल कौन सुनाएगा?" माझ्या मुलीने हात वर केला आणि न अडखळता सगळा म्हटला. सातापाशी क्षणभरही न थांबता ट्वेंटी-एट म्हणून ती पुढे गेली. "बिल्कुल सही, बेटा," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी सतरंजीवर पुन्हा सत्तावीस. मी बाल्कनीतून तरातरा आत आले.

"येतं ना तुला? सकाळी आलं ना? मग माझ्या बाबांसमोर मुद्दाम चुकतेस? चेष्टा आहे का?"

ती घाबरली नाही. नेहमीसारखी गप्पही झाली नाही. तिने फोन मांडीत घेतला आणि वर हात ठेवला.

"बरोबर आलं तर मग पुढचा द्यावा लागतो," ती म्हणाली. "आजोबांकडे पुढचा नाहीये, आई. मग ते खतम होऊन जातील."

मी तिथेच खाली बसले. मी बाल्कनीत पळत होते, आणि आत हे एवढंसं पोर रोज चूक करून त्यांना धरून ठेवत होतं. मला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

दुसऱ्या दिवशी दिवा लावल्यावर मी बाल्कनीत गेले नाही. तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. तिने माझ्याकडे संशयाने बघितलं, पण सरकून जागा दिली. "चला, परवचा," बाबा म्हणाले, आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. आम्ही दोघी म्हणत गेलो. कुकरची शिट्टी आली. मग, "चार साता..."

तिने तोंड उघडलं, पण मी आधी बोलले. "सत्तावीस!"

"अठ्ठावीस, आई!" ती ओरडली. तिच्या तोंडून ते निघूनच गेलं.

बाबा खोकले. "अठ्ठावीस. शाब्बास."

पाढा संपला. आता पुढचा उद्या, असं म्हणून आवाज थांबला. मुलीचा चेहरा उतरला होता. "मी नाही चुकले," ती म्हणाली. "आता काय?"

"तू नाही चुकलीस. मी चुकले ना," मी म्हटलं. "आजोबांचा दुसरा नियम तुला ठाऊक नाही. दोघींतली एक चुकली तरी पाढा पक्का धरत नाहीत. उद्या पहिल्यापासून."

तिने विचारलं, "मग पाचचा कोण देणार?"

"तुझा पाढा आला, तुला पाच मी देईन. आजोबांपाशी माझा राहिलाय."

ती आता सातच्या पाढ्यावर आहे. मी ओरडते, ती कधी कधी उलट ओरडते, आमचं चाललंय. कधी ती परवच्याला बसते, कधी खाली खेळायला पळते. मी बसते. बाबा "चार साता" म्हणून थांबतात, त्यांचा श्वास ऐकू येतो, आणि मी सत्तावीस म्हणते.