दुसरी रिंग

शर्टाच्या खिशातून फोन काढायचा, चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांजवळ न्यायचा, काहीच आलेलं नाही हे बघून परत खिशात ठेवायचा आणि समोर जो असेल त्याला सांगायचं, "अख्ख्या जगात आपल्याइतकं स्वस्त कुठे नाही." हे वाक्य झाल्याशिवाय आमच्या कट्ट्यावरची सकाळ सुरू होत नसे.

कट्टा म्हणजे सातपूरच्या आमच्या सोसायटीच्या फाटकालगतचा सिमेंटचा ओटा. फिरून आलेले आम्ही निवृत्त लोक तिथे बसून देशाची प्रगती मोजतो. तुमच्याकडेही असा ओटा असेलच. स्वस्त मोबाइलचा विषय निघाला की आमच्या छात्या अशा फुगत, जणू टॉवर आम्हीच खांद्यावरून वाहून नेले होते.

खिशातला फोन सारखा बघणाऱ्या या गृहस्थांचं तसं नव्हतं. हे एका कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त झालेले. तीन कोटेशनं आल्याशिवाय साधा नटबोल्टही घ्यायचा नाही, असं आयुष्य गेलेलं. ज्याचं कुणी परदेशात, त्याला ते गाठत. "तुमच्या जर्मनीत महिन्याला किती पडतात?" उत्तर आलं की मनातल्या मनात रुपये करत आणि समाधानानं मान हलवत. "बघा. आणि कॅनडा याहून महाग."

जगभर फिरून चौकशी कॅनडात पोचायची, कारण तिथे त्यांचा मुलगा होता. एकुलता एक. बायको गेल्यापासून घरात दुसरं कुणी नाही. मुलाचा फोन येत नसे, त्याचं कारण त्यांच्याजवळ तयार असे. "तिकडे परवडत नाही हो."

एकदा कुणीतरी युरोपातल्या कुठल्याशा देशाचं नाव घेऊन म्हणालं, तिथेही आता आपल्यासारखंच स्वस्त झालंय. यांचा चेहरा उतरला. "लहान देश आहे. टॉवर कितीसे लागणार?" असं म्हणून त्यांनी तो देश निकालात काढला. आज तो स्वस्त निघाला, उद्या कॅनडा निघाला तर?

निघालाच. तळमजल्यावरच्या वहिनींची मुलगी टोरोंटोहून सुट्टीला आली होती. यांनी तिला ओट्याशीच गाठलं.

"महाग आहे काका, पण बोलणं अनलिमिटेड असतं. आणि आईला मी रोज नेटवरूनच करते, फुकट."

"नेटला डेटा लागतो. डेटा तिकडे महाग."

"घरी वायफाय असतं ना, काका."

एकानं चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. "कंपनी-कंपनीत फरक असतो," म्हणत हे उठले. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियाचे दर घेऊन आले.

मुलगा पुण्याला हॉस्टेलवर होता, तेव्हा मिनिटामिनिटाचे पैसे पडत आणि तुम्हीआम्ही सगळेच मिस कॉलवर संसार करत होतो. या बापलेकांत तेव्हा ठरलं होतं, एक रिंग म्हणजे सगळं ठीक, उलट फोन नको. दोन रिंगा म्हणजे फोन कर. पुढे दर पडले, मुलगा समुद्रापार गेला, पण खरेदी विभागाचा नियम बदलला नाही. रोज जेवण झालं की हे कॅनडाला एक रिंग देत आणि कापत. त्यानं उचललाच तर त्याला चार्ज पडेल, असं त्यांचं ठाम मत.

उत्तर काय येतं, असं मी एकदा विचारलं.

"ठीक आहे म्हणून कळवतो. त्याला उत्तर कशाला?"

गेल्या दिवाळीनंतर त्यांना दम लागू लागला. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगायचं ते सांगितलं आणि मुलाला कळवा म्हणाले. मी आत येऊन नंबर मागितला.

"मीच लावतो. तुम्हाला कशाला आयएसडीचा भुर्दंड?"

"मग आज दोन रिंगा द्या."

ते छताकडे बघत राहिले. मला वाटलं, हिशोब चाललाय. मग अंगठ्यानं नंबर लावला. फोन कानाशी नेला नाही, छातीवर धरला. रिंग गेली. दुसरी जायच्या आत त्यांनी कापला.

"अहो, का?"

बराच वेळ त्यांनी श्वास गोळा केला. "दोन दिल्या आणि तरी नाही आला, तर?"

त्यांनी फोन उशीखाली सारला आणि डोळे मिटले.

उजाडायच्या आत ते गेले. नर्सनं उशी उचलून फोन माझ्या हातात दिला. यादीत एकच नंबर, वरपासून खालपर्यंत. मी तो लावला आणि पहिली रिंग जाऊ दिली.

दुसरी वाजली मात्र, पलीकडून आवाज आला, "बाबा, काय झालं?"