दादाची जागा

आमच्या तालमीचे जुने वस्ताद वारले आणि मिरजेकडचे नवे वस्ताद आले, तेव्हा हुतुतूच्या संघाचा म्होरक्या माझा दादा होता. गिरणीतली पाळी संपली की अंगावरचा कापूस झटकत तो तसाच मैदानात उतरायचा. कोपऱ्यातून झेप घेऊन गडी धरावा तर त्यानंच, असं सगळी पेठ म्हणायची.

नव्या वस्तादांची गडी निवडायची रीत न्यारीच होती. तालमीत कुणाचे दंड बघायचे सोडून ते माणसांना कामात बघत हिंडायचे. मागावर सारखा पाय चालवणारा एक तेलुगू विणकर त्यांनी आणला. सांगोल्याच्या बाजारातून एक तरणा धनगर आणला. पळत्या मेंढीचा मागचा पाय तो एका हातानं धरायचा म्हणे. त्याला त्यांनी दादाच्या कोपऱ्यात उभं केलं.

गल्ली पेटली. "आमची पोरं काय मेलीत व्हय?" म्हणत निम्मे गडी निघून गेले. दादानं तालमीची पायरी चढणं सोडलं. मी राहिलो. पहिल्याच दिवशी धनगरानं माझा घोटा असा पकडला की हलता येईना, आणि वस्तादांची नजर खरी आहे हे मला पटलं.

रात्री जेवताना दादानं विचारलं, "तू कुणाकडचा?"

"खेळाकडचा," मी म्हणालो. तो ताटावरून उठला.

पुढं एका संध्याकाळी वस्तादांनी मला बाजूला घेतलं. "तुझ्या भावाला खेळ येत नाही म्हणून नाही काढला मी. त्याचा दम मधेच तुटतो, अन् तुटला की छातीत काहीतरी वाजतं. दवाखान्यात दाखव म्हटलं, तर ऐकत नाही. तू ने त्याला."

मी घरी सांगितलं. दादा हसला. "मला काढायला बरं निमित्त गावलं त्याला." आईनं तर मलाच झापलं, "थोरल्या भावाला रोगी म्हनतोस? जीभ कशी रेटती तुझी?" त्यानंतरही मी दोनतीनदा विषय काढला. तो यायला तयार नव्हता.

त्या हिवाळ्यात अक्कलकोटला आम्ही जिंकलो. हलगी वाजवत गल्लीत शिरलो, तर आमचं दार लावलेलं होतं. उन्हाळ्यात दादाच्या खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं गेली आहेत, फार उशीर झाला.

दादाची बाज अंगणातल्या कडुलिंबाखाली टाकली. धनगर रोज शेळीचं दूध घेऊन यायचा आणि लांब बसून राहायचा. दादा तोंड फिरवायचा. पण एक दिवस त्यानं आपणहून विचारलं, "मेंढी कशी धरतोस रे?"

धनगर जवळ आला. "आदी तिच्याकडं बघायचंच न्हाई. बघितलं की वळती ती," म्हणत त्यानं दादाचं मनगट हलकेच धरून दाखवलं. तो हात दादानं कितीतरी वेळ सोडला नाही.

मृग लागायच्या आत दादा गेला.

दिवसकार्य झाल्यावर वस्ताद घरी आले. उंबऱ्याबाहेरच बसले. आईनं तांब्या पुढं ठेवला आणि म्हणाली, "तुमाला ठावं हुतं. ह्यानं येऊन सांगिटलं बी मला. माजंच कान बंद हुतं."

"मी स्वतः यायला पाहिजे होतं, माय," वस्ताद म्हणाले. "पोराकरवी सांगायची गोष्ट नव्हती ती."

पाणी तसंच राहिलं.

त्या साली पाऊस झालाच नाही. धनगर मेंढरं घेऊन घरच्यांबरोबर लांब मुलखात निघून गेला, संघ विस्कटला आणि वस्तादही आपल्या गावी परतले. आईनं त्यांना कधी बोल लावला नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायची, "मानूस पारखी हुता," आणि चुलीतलं लाकूड आत सारायची.